फ्रिजचा पॉइंट

ठिणगीचा दिवस पावणेपाचला सुरू झाला. रविवार होता. रविवारी तो याच वेळी उठून बसडेपोत वायरिंगच्या जादा पाळीला जायचा. त्या पाळ्यांच्या पैशांतून त्याला कामाचे नवे बूट घ्यायचे होते, कारण जुन्याचा तळवा चालताना जिभेसारखा लोंबायचा. आज त्याने पाळी बुडवली होती. खांद्यावर तारेचं जड वेटोळं घेऊन तो बहिणीच्या घराकडे चालला होता आणि मनातल्या मनात दाजींशी भांडत होता. ठिणगी हे नाव त्याला डेपोतल्यांनी ठेवलं होतं. कामावरून नव्हे, स्वभावावरून.

दाजी सुतार. काम सोडल्यावर त्यांनी एक जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिचं मोटारघर केलं. पलंग, कपाटं, ओटा, सगळं स्वतःच्या हातचं. ताईला मधुमेह, म्हणून इन्सुलिन ठेवायला एक छोटा फ्रिज. पहिल्याच प्रवासात तो फ्रिज रात्री बंद पडत राहिला. भर उन्हाळ्यात इन्सुलिन तापून वाया गेलं आणि ताई दवाखान्यात पोचली. यावर दाजींनी काय केलं? नवा फ्रिज आणला. तोही बंद पडायला लागला. आणि उद्या सकाळी दोघं पुन्हा निघणार होते. लेकीला मुलगा झाला होता आणि लेक चार दिवसांच्या प्रवासाच्या अंतरावर राहत होती.

"आजार म्हशीला न् औषध पखालीला!" गाडीत पाय टाकताच ठिणगी कडाडला. "फ्रिजला वीज कुठून दिलीत?"

"दिव्याच्या वायरीतून. जवळ होती," दाजी म्हणाले.

ठिणगीने ती वायर चिमटीत धरली. सुतळीहून बारीक.

"दिवा घोटभर पितो, दाजी. फ्रिज सुरू होताना घागरभर ओढतो. या काडीतून घागर येणार कुठून? बॅटरी भरलेली असते, पण तिची वीज फ्रिजपर्यंत पुरेशी पोचतच नाही. त्याला वाटतं बॅटरी संपली, आणि तो बंद होतो."

"दिवा तर लख्ख लागतो."

"मग इन्सुलिन दिव्यावर ठेवा!"

बाहेर पायरीवर बसलेली ताई हसली. दाजी हसले नाहीत.

बॅटरी चालकाच्या सीटखाली, फ्रिज पार मागे. जाड तार थेट बॅटरीपासून न्यायची आणि फ्रिजशेजारी वेगळा पॉइंट काढायचा, तर फळ्यांच्या मागूनच वाट होती. ठिणगीने फळीवरून हात फिरवला. एकही स्क्रू नाही. सगळ्या फळ्या सरस लावून चिकटवलेल्या.

"हे उघडायचं कसं?"

"उघडायचं कशाला? माझ्या कामात स्क्रू दिसत नाही. उभ्या जन्मात दिसला नाही."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आत तार असते, माणसा! तार कधीतरी बिघडते!"

"मग जमिनीवरून टाक. वर गालिचा घालू."

"आणि पायाखाली घासून सोलली की? झोपेत गाडी पेटवायची आहे का?"

त्याने दाजींच्याच पेटीतली करवत उचलली. दाजी फळीसमोर आडवे उभे राहिले.

"हात लावून बघ."

"बाजूला व्हा."

"दोन महिने घासलीये ही फळी."

"अहो," ताई पायरीवरूनच बोलली. आवाज चढलेला नव्हता. "मागच्या वेळी मी तुमची फळी बघत पडले होते. जीभ कोरडी पडली होती, तुम्हाला हाक मारता येत नव्हती. फळी छानच आहे. पण मला नातू बघायचाय."

दाजींनी मेहुण्याच्या हातून करवत हिसकावली.

"आण इकडे. तू कापशील ती वाकडी."

त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आणि कापायला घेतलं. पाठ सगळ्यांकडे होती. करवत मात्र सुरुवातीला थोडी वाकडी गेली.

ठिणगीने बॅटरीजवळच फ्यूज बसवला, तार ओढली, पॉइंट लावला. दोन्ही टोकांचा प्रत्येक जोड हिसका देऊन पाहिला. एक सुटला. स्वतःलाच शिवी घालून त्याने तो कापून नव्याने केला. मग फ्रिजमध्ये कोमट पाण्याच्या बाटल्या भरल्या, म्हणजे त्याला चांगला घाम फुटेल. दुपार टळून गेली. फ्रिज एकदाही थांबला नाही. ताईने गार झालेली बाटली गालाला लावली आणि डोळे मिटले.

दाजी कापलेली फळी घेऊन आले. दुसऱ्या हातात सरसाचा डबा.

"दाजी!"

"ओरडू नकोस. हे बूट काढ आधी."

त्यांनी सरस त्या लोंबत्या तळव्याला लावला, वर वीट ठेवली आणि खिशातून चार पितळी स्क्रू काढून फळी बसवली. "दिसतायत," ते पुटपुटले. "फार वाईट दिसतायत."

ठिणगी अनवाणी उभा राहून बघत होता. राग अजून उतरला नव्हता. बुटांचे पैसे त्या फळीमागे होते: जाड तांब्याची तार, एक लाल, एक काळी, बॅटरीपासून फ्रिजपर्यंत, मध्ये कुठेही जोड नाही.