ट्रान्सफॉर्मरची घरघर

उचगावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. थोरला भाऊ ऑर्केस्ट्रा चालवतो आणि लग्नाच्या आधीपासून मी त्यात गिटार वाजवायचो. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या वॉल्व्हच्या ॲम्पमधून गिटार कशी भरून येते, हे वेड मला त्यानंच लावलं. तसला ॲम्प विकत घेणं आवाक्याबाहेरचं, म्हणून मी घरीच बांधायला घेतला.

भंगारात एका जुन्या भोंग्याच्या मशिनीतला पॉवर ट्रान्सफॉर्मर मिळाला. चांगला वजनदार, पण माझे लहान वॉल्व्ह जाळून टाकील एवढं व्होल्टेज देणारा. मी त्याच्या पत्र्या सोडवल्या, आतली बारीक तार उलगडली आणि कमी वेढ्यांची नवी गुंडाळली. वार्निश पाजून वाळवला. मीटर लावला, व्होल्टेज हवं तसं. वॉल्व्ह पेटले, गिटार वाजली. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

शिवाजी पेठेतल्या एका हॉलमध्ये आमची रिहर्सल असायची. सगळ्यांसमोर मी ॲम्प चालू केला. गाणाऱ्या बाईंनी कानावर हात ठेवले.

“ह्यो आवाज कसला?” भावानं विचारलं.

“कुठला?”

मी अजून गिटारच्या तारेला बोटही लावलं नव्हतं. तो स्पीकरपाशी वाकला. “म्हस हंबरतीया की रं आत! तुला ऐकू येत न्हाय व्हय?”

कुणीतरी हसलं. भावाला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं ॲम्प बंद केला, मला खांद्याला धरून भिंतीकडं वळवलं आणि बेस गिटार स्वतः घेतली. “आता सांग, वाजलं का न्हाय.”

मी अंदाजानं सांगत गेलो. “वाजलं,” म्हणालो की हशा पिकायचा. “न्हाय,” म्हणालो की त्याहून मोठा.

“दादा, पुरं कर,” मी भिंतीकडं बघतच म्हणालो.

“का? मजा येतीया की!”

कानातलं हाड आखडत चाललंय, म्हणून खालचे सूर आधी गेले, असं कान तपासून डॉक्टर म्हणाले. घरी बायकोला विचारलं, तुला ती घरघर ऐकू आली नव्हती? ती म्हणाली, “आलती की. मला वाटलं तसलंच असतंय.”

हॉलवर राहिलेला ॲम्प आणायला गेलो, तर भावानं ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या मिस्त्रीकडून आडवा फिरवून बसवून घेतलेला. घरघर गेली होती. गिटारवरही दुसराच बसलेला.

“मलकापूरच्या कार्यक्रमाला ये,” भाऊ म्हणाला. “स्टेजखाली बस. काय जळलं तर लागशील.”

मी गेलो. शेवटी त्यानं माइकवर सगळ्यांचे आभार मानले, लाइटवाल्याचे, ड्रायव्हरचेसुद्धा. मी त्याचे ओठ बघत होतो. माझं नाव आलं नाही.

सामान भरताना त्यानं हाका मारल्या म्हणे. मला कळलं ते पाठीत गुद्दा बसल्यावर. मी ॲम्प उचलला आणि टेम्पोत चढवला.