ओल्या गोणपाटाखालची कुऱ्हाड

मुलानं आणलेल्या नव्या कुऱ्हाडीचा दांडा आज नाकाशी धरला, तर ओल्या लाकडाचा वास आला, आणि मी थेट घोडेगावच्या बाजारात जाऊन पोचले.

लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. सासूबाई कुऱ्हाड घ्यायला निघाल्या, मला सोबत नेलं. विकणाऱ्यानं कुऱ्हाडी ओल्या गोणपाटाखाली मांडल्या होत्या.

"उन्हानं तापत्यात, मावशी," तो म्हणाला.

"कुऱ्हाड काय कोथमीर हाय व्हय, सुकायला?" सासूबाईंनी डोळे बारीक केले. पाण्यानं दांडा फुगतो, पातं घट्ट वाटतं. वाळला की ढिलं होऊन घाव घालताना उडतं. त्यांनी एक कुऱ्हाड निवडून उन्हात ठेवायला लावली. बाजार उरकून आल्यावर कानाशी धरून हलवली. वाजली नाही. तरी घर येईपर्यंत त्या तिच्याकडं चोराकडं बघावं तशा बघत होत्या.

घरी बाभळीच्या ओंडक्यापाशी मी हौसेनं हात पुढं केला.

"मागं सर. भिताडाआड जा," त्या खेकसल्या.

भिंतीआडून मी घाव ऐकत राहिले. म्हटलं, बाईचा कुऱ्हाडीवर भरवसा नाही, आणि माझ्यावर तर मुळीच नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी पातं हलवून बघितलं आणि कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

आज मी नवी कुऱ्हाड घेऊन सरपणापाशी उभी राहिले, तर सून धावत आली. "द्या आत्या, मी फोडते."

"लांब हो!" मी ओरडले. "आधी भिंतीआड जा."

एवढंसं तोंड करून ती गेली. मी मनातच सासूबाईंना विचारलं, आत्या, तेव्हा माझंही तोंड तुम्हाला असंच दिसलं असेल ना?