कढईत गेलेली नरफुलं

चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरामागे भरपूर ऊन येणारी जागा एकच, आणि दर हिवाळ्यात तिथे सासूबाईंची मेथी असते. गेल्या वर्षी ती जागा मी झुकिनीसाठी मागितली. त्यांनी दिली, पण अट घालून.

"दत्तजयंतीपर्यंत एक तरी फळ दाखव. नाही तर सगळं उपटून मेथी टाकीन मी."

कमानिया गेटजवळचा बियांचा दुकानदारही हसला. "दीदी, ये तो होटल वाली सब्ज़ी है. घर में खाएगा कौन?"

"पहले उगने तो दो, भैया."

कामांची यादी फ्रिजवर लावायची माझी सवय आहे. घरचे तिला हसतात आणि वागतात तिच्याचप्रमाणे. दसरा झाल्यावर दह्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून त्यांत बिया पेरल्या. खरी पानं फुटल्यावर रोपं जमिनीत लावली, खाली शेणखत, वर वाळलेला पाला. पाणी मुळाशीच, पानांवर नाही. रोपं अशी टरारली की शेजारणी कुंपणावरून वाकून बघायच्या आणि मी त्यांना खुशाल बघू द्यायची. नवऱ्याने दोडक्याला घालतो तसा मांडव घातला. झुकिनी चढत नाही, झुडपासारखी पसरते. मांडवावर टॉवेल वाळू लागले.

मग फुलं आली, पिवळीधमक. पण फळ बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. खत तपासलं, पाणी तपासलं, पानं उलटून कीड शोधली. काहीच सापडेना आणि दत्तजयंती जवळ येत होती.

एका सकाळी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई बेसनात फुलं बुडवून तळत होत्या.

"आई, ही कुठली फुलं?"

"तुह्याच झाडाची. काहून? कोहळ्याची नाही का खात आपण? ज्याच्यामागं फळ नाही तेवढीच तोडून राहिली मी. फळवाल्याले हात नाही लावला."

आमच्या वऱ्हाडी घरांत ही भजी नेहमीची. पण कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल अंगणभर पसरतो, त्याला नरफुलं ढीगभर. माझी झाडं मोजकी, आणि ज्यांच्या परागाशिवाय फळ टिकत नाही ती बिनफळाची नरफुलं रोज कढईत.

"आई, बापच तळून टाकले तर लेकरं कुठून व्हायची?"

त्यांना हसता हसता ठसका लागला. नवरा म्हणाला, "भजी मात्र फक्कड होती."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बागेत. सासूबाई शाल गुंडाळून मागोमाग आल्या. मी एक नरफूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि आतला परागाचा दांडा मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवला.

"लगीन लावून राहिली का?"

"हो, अक्षता टाका."

ते फळ गळलं नाही. हिरवंगार, तुकतुकीत होत गेलं आणि दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी मी ते देठासकट कापून सासूबाईंच्या हातात ठेवलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, नखाने टोचलं.

"काकडीच्या घरची दिसते."

लसणाची फोडणी देऊन पीठ पेरून भाजी केली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. यादीतलं काम जमल्याचं समाधान मला नेहमीच होतं, पण त्या दिवशी मी चक्क मिरवत होते. ताट उचलताना त्या म्हणाल्या, "पुढच्या सालीही लाव तिथंच. मेथीचं काय, कुंडीतही येते."