दुसरं थालीपीठ

ज्या ॲपवरून बडोद्यातली ती खोली घेतली होती, ते अजून मला मधूनमधून विचारतं, तुमचा राहण्याचा अनुभव कसा होता? खाली पाच चांदण्या असतात. स्वच्छतेला वेगळ्या, नाश्त्याला वेगळ्या, यजमानांच्या वागण्याला वेगळ्या. मी ते बंद करते, ते पुन्हा येतं. यंत्राला लाज नसते. एकदा वाटलं, लिहून टाकावं एकदाचं. स्वच्छता उत्तम. नाश्ता गरम, पोटभर, आग्रहाचा. यजमान इतके चांगले की विचारू नका. यातलं एक अक्षरही खोटं नाही, आणि तरी ते लिहायला हात धजत नाही.

आमचे हे बडोद्यात, मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. तिघा पुरुषांत मिळून एक खोली, डबा बाहेरचा. मी भुसावळला, कारण मुलीचं कॉलेज तिथे आणि सासूबाई घर सोडायला तयार नाहीत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मग ह्यांना ताप आला. तो अंगावर काढला, कारण शटडाउनचं काम होतं. कारखान्याची यंत्रं बंद ठेवून दुरुस्त करायची असतात, तेव्हा मेंटेनन्सच्या माणसाने आजारी पडायचं नसतं म्हणे. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरल्यावर खोलीतल्या मित्राने ह्यांना हॉस्पिटलात नेलं आणि मला फोन केला.

त्या खोलीत मी राहणं शक्यच नव्हतं. मुलीने मोबाइलवर शोधून तिथल्याच तरसाली भागातलं एक घर काढलं. "मराठी माणसं आहेत आई, आणि नाश्ता खोलीच्या पैशातच आहे," ती म्हणाली. तेवढ्या गडबडीतही तिला नाश्त्याचं सुचलं, याचं मला हसू आलं होतं.

घर एका सोसायटीतलं, बैठं. काका-काकू उतारवयाचे. दोन्ही मुलं परदेशी गेल्यावर त्यांच्या खोल्या अशा येणाऱ्या-जाणाऱ्यांना द्यायला लागलेले. भिंतीवर इंग्रजीत नियम लावले होते आणि त्यातला एकही ते पाळायला लावत नसत. दुसऱ्या खोलीत मशिनची दुरुस्ती करायला आलेला कोइमतूरचा माणूस होता. तो पहाटे जायचा आणि रात्री यायचा, म्हणून नाश्त्याला मी एकटीच असायचे. काकू आग्रह करण्यात पटाईत. नको म्हणणाऱ्या पाहुण्याला त्या जरा आजारीच समजत. काका उभ्याने पेपर वाचत आणि मधली मधली बातमी आम्हाला ऐकवत. पहिल्या दिवशी काकू मला "तुम्ही" म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी "अगं" वर आल्या. "शांतीनं खा, हैराण नको होऊस," त्या म्हणत. बडोद्याच्या मराठीत गुजराती अशी मुरलेली असते की बोलणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो.

मला ते आवडत होतं, हे कबूल करायला हवं. दिवसभर आयसीयूच्या बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर बसून आल्यावर कुणीतरी "हात धू, पान घेतलंय" म्हणणारं होतं.

आत जायला सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ मिळायचा. ह्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा घट्ट मास्क होता. शुद्ध पूर्ण होती, पण बोलायला बंदी. मीच आपली बोलायचे. सासूबाईंनी पापड केले, मुलीची परीक्षा पुढे गेली, असलं काहीबाही. हे डोळ्यांनी हो-नाही करत. चौथ्या संध्याकाळी त्यांनी मास्क वर उचलला आणि "ऐक," एवढंच म्हणाले. नर्स धावत आली, रागावली, मास्क पुन्हा बसवला. हे माझा हात धरून काहीतरी सांगू बघत होते. मी कान जवळ नेला तर नुसती हवेची सूं-सूं ऐकू येत होती. शेवटी त्यांनी बोट पुढे टाकल्याची खूण केली. उद्या.

रात्रभर मी तेच मनात घोळवत होते. काय सांगायचं असेल? गाडीची दुसरी किल्ली कुठे आहे, हेही असेल. भुसावळच्या घराला गळती लागली होती, त्याचंही असेल. तरुणपणी जे ते कधी बोलले नाहीत ते आता बोलतील, असल्या भ्रमात मी नव्हते. पण त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि मला ते ऐकायचं होतं. त्या दिवसांत मला एवढं एकच काम उरलं होतं.

सकाळी मी अंघोळीला गेले. माझ्या खोलीतला प्लग सैल होता, म्हणून फोन बाहेर हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला असायचा. मी बाहेर आले तेव्हा स्वयंपाकघरातून थालीपिठाचा खमंग वास येत होता. काका पेपर वाचत नव्हते. पेपर घडी घालून टीव्हीवर ठेवलेला. काकूंनी मला खुर्चीवर बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला. मी म्हटलं, आज काय विशेष? त्या म्हणाल्या, "काही नाही गं. आधी खाऊन घे."

"मी जरा लवकरच निघते म्हणते."

"निघ की. काकांनी रिक्षा बोलावलीय, ती उभीच आहे फाटकाशी."

"मग त्याला थांबवून कशाला ठेवायचं?"

"थांबू दे. तू शांतीनं खा."

थालीपिठावर घरचं लोणी होतं, बाजूला कैरीचा छुंदा, चहात लीली चा, म्हणजे आपली गवती चहा, आणि फुदिना. मी एक खाल्लं. काकूंनी दुसरं ताटात टाकलं. मी ताटावर आडवा हात धरला होता, तरी बोटांच्या वरून टाकलं. "दिवस कसा जाईल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "पोटात काही असलेलं बरं." त्यांचे डोळे पाणावले होते. मला वाटलं, कांदा चिरलाय. काकांचा फोन वाजला, ते व्हरांड्यात गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "नीकळी गया छे, रस्तामां ज छे." कुणी निघालंय, रस्त्यातच आहे, एवढं मलाही कळलं. असेल त्यांचं कुणी येणार, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मी दुसरं थालीपीठ खात होते. माणसं एवढ्या मायेने करतात, तर अर्धं टाकून उठू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

निघताना काका म्हणाले, "मी येतो बरोबर." मी नको म्हटलं. तरी ते रिक्षात बसलेच.

आयसीयूच्या दाराशी ह्यांचा मित्र उभा होता. गुजराती, अबोल, ह्यांच्याच शिफ्टचा. रात्री तोच बसला होता. मला बघून तो रडायलाच लागला. "भाभी, बहु मोडुं करी नाख्युं," तो म्हणाला. फार उशीर केलात. मी आत गेले तेव्हा ह्यांच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले, छाती मशिन वर-खाली करत होतं.

हळूहळू त्याच्याकडून कळलं ते असं. पहाटेपासून श्वास पुरेना. डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल, त्यासाठी झोपेचं औषध देणार, पुन्हा कधी जागे होतील सांगता येत नाही. बायकोला बोलवा, दोन शब्द बोलू देत. म्हणून मित्राने माझ्या फोनवर फोन केला. तो काकूंनी उचलला. मला घाबरवायचं नाही म्हणून हा इतकंच म्हणाला, भाभींना लवकर घेऊन या, उशीर करू नका. थोड्या वेळाने त्याने काकूंनी दिलेल्या काकांच्या नंबरवर पुन्हा विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, रस्त्यातच आहेत. ते त्याने आत जाऊन ह्यांना सांगितलं. मग हे डॉक्टरांना हाताने थांबा-थांबा करत राहिले. पुन्हा पुन्हा दाराकडे बघत राहिले. डॉक्टर थांबता येईल तेवढे थांबले.

मी हिशेब जुळवायला बसले नाही. तो आपोआप जुळला होता. तेव्हा मी काय करत होते ते मला ठाऊक होतं.

काका मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मी वळून बघितलं तर ते जिना उतरून निघून गेले होते.

संध्याकाळी मी परत आले, कारण दुसरीकडे जाणार कुठे? काकांनी घरी काही सांगितलेलं नव्हतं. नुसते "अजून आहेत" एवढंच म्हणून ते खोलीत जाऊन पडले होते. काकू मात्र दारातच उभ्या. मला बघून त्यांनी देवाला हात जोडले. आनंदाने त्यांचा चेहरा फुलला होता. "अगं, आम्ही काय काय मनात आणलं सकाळी! फोन करणारा तुझ्याशी बोलायला मागत नाही, कसं आहे विचारलं तर सांगत नाही, नुसतं लवकर आणा. माझ्या भावाच्या वेळी असंच, सासऱ्यांच्या वेळी असंच. मी म्हटलं, संपलं. आता एकदा हिला कळलं की सगळं उरकेपर्यंत पाण्याचा घोट घेणार नाही बिचारी. म्हणून म्हटलं आधी खाऊ दे. देवाने खोटं पाडलं मला!"

त्यांचं काय चुकलं? आमच्या घरीही हेच करतात. गेलेल्या माणसाला कुणी गेलं म्हणत नाही, जरा सीरियस आहे, निघून या म्हणतात. आणि ज्याला सांगायचं, त्याच्या पोटात आधी चार घास जातील असं बघतात. मित्राने मला घाबरवायचं नाही म्हणून कमी सांगितलं, काकूंनी त्या कमीतून नको तेवढं ओळखलं. दोघंही माझं भलं करत होते. मला त्या दोघांचाही भयंकर राग आला होता आणि तो राग काढायला जागा नव्हती. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात.

काकूंना न सांगता मला राहता आलं असतं. पण मी सांगितलं. म्हटलं, "काकू, ते तेव्हा बोलत होते. मला बोलवत होते."

त्या हसतच होत्या. मग हसू तसंच राहिलं आणि मागचा चेहरा बदलला. त्या खाली बसल्या, तिथेच, चपलांपाशी. मला वाटलं होतं, सांगितल्यावर आत थोडं तरी हलकं होईल. काही झालं नाही. तिथे आता एकाऐवजी दोन दुःखी बायका होत्या, बाकी सगळं तसंच.

पुढचे दिवस मी तिथेच राहिले. सकाळी नाश्ता मांडलेला असे. पोहे, उपमा, एकदा खमण. मी मुकाट्याने खात असे आणि काकू मुकाट्याने वाढत. आग्रह करत नसत. मी उठले की ताट उचलत. जे एकमेकींना म्हणता आलं असतं ते सगळं आम्ही टाळलं. हॉस्पिटलात मी ह्यांच्या कानाशी बोलत राहायचे. ऐकू जातं म्हणतात. त्यांच्याकडून काही येणार नव्हतं, आणि मशिनच्या आवाजाची मला इतकी सवय झाली की रात्री खोलीतल्या शांततेत झोप लागेना.

एका दुपारी ते गेले. त्या वेळी मी जवळ होते. त्याचा काही उपयोग नव्हता.

मित्र गाडीची व्यवस्था करायला धावला आणि मी सामान घ्यायला तरसालीला आले. काकूंना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी माझे वाळलेले कपडे आणून पलंगावर ठेवले आणि घड्या घालत बसल्या. बॅग भरताना फोन वाजला. मुलगी होती. सकाळपासून मी तिचा फोन उचललेला नव्हता.

"आई, बाबा कसे आहेत?"

सगळं सरळ सांगायचं, असं मी रिक्षात ठरवलं होतं. माझ्या पोरीला कुणी थालीपिठं चारत ताटकळत ठेवू नये, एवढं तरी मी या घरातून शिकले होते. मी तोंड उघडलं.

"तू जेवलीस का?" मी म्हणाले.

काकूंचे हात घडी घालता घालता थांबले.  मुलगी आमच्याच घरात वाढलेली आहे.

"आई," ती म्हणाली, "आत्ता सांग. मला काही नको, तू आत्ता सांग."

"आधी दोन घास खा," मी म्हणाले, "आणि आजीलाही वाढ." आणि फोन ठेवून दिला.