म्हशीच्या दुधात मेंढी

प्रथिनं मोजणाऱ्या आमच्या मास स्पेक्ट्रोमीटरचं अकोल्यात उद्घाटन झालं, तेव्हा पाहुण्यांना लोकरी शाली पांघरवल्या आणि फोटो थेट प्रयोगशाळेतच काढले. माझ्या विद्यार्थिनीनं बार्शीटाकळीहून कासेला सूज आलेल्या म्हशींचं दूध आणलं होतं. फोटोत काम दिसावं म्हणून तिला नळ्यांची झाकणं उघडायला लावली. तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या दुधावरच होतं.

निकाल आल्यावर ती म्हणाली, “सर, म्हशीच्या दुधात मेंढी काहून दिसून राहिली?”

शालींच्या लोकरीतलं प्रथिन नमुन्यांत पडलं होतं. दुधातलं हवं ते त्याखाली दबून गेलं होतं.

“पुन्हा नमुने आणू,” मी म्हणालो.

“म्हशी बऱ्या झाल्या ना, सर.”

दोघांनाही आनंद व्हायला हवा होता.