मेन बंद आहे

टेस्टरमामा कुणाच्याच शब्दावर विसंबत नसत. चाळीस वर्षं वायरिंग केलं, पण टेस्टर लावल्याशिवाय तारेला कधी बोट लावलं नाही. नाव पडलं ते त्यावरूनच.

भाचीच्या हॉलमध्ये ट्रॅक लाइटची पट्टी बसवायला ते शिडीवर चढले. "मामा, मेन बंद केलाय, करा बिनधास्त," जावई खालून म्हणाला. मामांनी छतातून लोंबणाऱ्या तारेला टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला.

"तुमचा टेस्टर म्हातारा झालाय!" जावई हसला आणि तार धरायला स्टुलावर चढला.

"हात मागे घ्या!" मामा असे खेकसले की भाची स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, हॉलचा दिवा उन्हाळ्यात इन्व्हर्टरवर कुणी घेतला? तुम्हीच ना?"

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं इन्व्हर्टर बंद केला, टेस्टर विझला, तरी मामांनी तो पुन्हा दोनदा तारेला टेकवून पाहिला.

"माझ्या लक्षातच नव्हतं, मामा," जावई पुटपुटला.

"त्या वेळी माझ्याही नव्हतं," मामा म्हणाले. "थोरला भाऊ गेला, त्या दिवशी त्याला 'मेन बंद आहे' असं मीच सांगितलं होतं."