खंड्याचं जाकीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्याकडे एक कुत्रा होता आणि तो ट्रकखाली गेला, एवढंच मी तिला सांगितलंय. तेवढं खरंच आहे. उरलेलं — उरलेलं आज लिहितो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल. ओळखत असता तर नसतं जमलं. इतका काही मी धीट नव्हे.

आणि वय लहान होतं वगैरे मनात आणू नका. सत्तावीस वर्षांचा होतो. टेरिलीनचा शर्ट, टोकदार बूट, खिशाला लावलेली दोन पेनं — त्यातलं एक बंद पडलेलं. ते का लावत होतो? दोन असली की बरी दिसतात म्हणून. एवढ्यावरूनच माणूस तुमच्या लक्षात येईल.

चौसष्ट-पासष्टची गोष्ट. अंधेरीला, तेव्हाच्या घोडबंदर रोडपासून जरा आत आमची चाळ. आप्पा — माझे वडील — गिरणीतून नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी सूतखात्यात तुटलेले धागे जोडले. आई आधीच गेली होती. घरात आम्ही दोघं, आणि आप्पांनी रस्त्यावरून उचलून आणलेला खंड्या. काळापांढरा, काटकुळा, एक कान पडलेला. कुणीतरी पूर्वी त्याला तारेनं बांधून ठेवलं असावं. गळ्याभोवती केस नसलेला लालसर वळ होता. पट्टा घातला की तो ठसकायचा, चार पावलं चालून बसायचा. आणि पट्ट्याशिवाय बाहेर नेता येत नव्हतं. लायसनचा पितळी बिल्ला अंगावर दिसला नाही तर कुत्र्यांची गाडी उचलून न्यायची.

हिरूबाई कोळीण वेसाव्याहून पाटी घेऊन आमच्या गल्लीत मासळी विकायला यायची. तिनं एकदा खंड्याला खोकताना पाहिलं आणि पाटी खाली ठेवून आप्पांना झापलं, "गल्याला कशाला बांधता त्याला? जोर छातीवर येऊ दे, गल्यावर नाय."

हिरूबाईच्या घरी तेव्हा नायलॉनची जाळी आली होती. जुनी सुताची दोरी पडून होती — झाडाची साल उकळून त्या पाण्यात तपकिरी केलेली, खाऱ्या पाण्यानं मऊ झालेली. दुसऱ्या दिवशी तिनं जिन्याच्या पायरीवर बसून खंड्याचं माप घेतलं. वितीनं आणि बोटांनी. पुढच्या पायांच्या मागं चार बोटं सोडायची, म्हणजे काखेत घासत नाही. पुढची दोरी गळ्याखाली, छातीच्या हाडावर. आणि सगळीकडे दोन बोटं आडवी गेली पाहिजेत. एकच गेलं तर काचतं, तीन गेली तर कुत्रा मागं सरून निसटतो. जाळं विणायच्या सुईनं तिनं ते विणून आणलं, खंड्याच्या अंगात चढवलं आणि समोरून ओढून बघितलं. खंड्या मागं रेटा देत राहिला. निसटला नाही. खोकलाही नाही.

चाळीत हसू झालं. खंड्यानं जाकीट शिवलंन् म्हणे. पण शेजारच्या सावंतकाकूंनी दोरीला हात लावून पाहिला आणि नातवासाठी पाळण्याची झोळी विणून मागितली. मग वरच्या मजल्यावरच्या एका घरानं मागितली. हिरूबाई खुशीत होती. नायलॉन आल्यापासून तिचे हात रिकामे होते. आता पाटीत मासळीच्या बाजूला दोरीचं भेंडोळं घेऊन यायची.

मला त्या जाकिटाची लाज वाटायची. सांगतो का ते — वास यायचा. म्हणजे नाकाजवळ नेलं तर यायचा. पण मला तो गल्लीच्या टोकापर्यंत येतो असं वाटे. आमचे ऑफिसातले साहेब जुहूकडे राहायचे. रविवारी सकाळी आपला अल्सेशियन घेऊन आमच्या रस्त्यावरून फिरायला जायचे. त्या कुत्र्याच्या छातीवर चामड्याचा पट्टा होता, पितळी बकलं लावलेला. साहेबांनी एक-दोनदा मला मान डोलावली होती. तेवढ्यावर मी आठवडा काढायचो.

मी फोर्टात जाऊन तसला पट्टा विकत घेतला. दुकानदारानं छातीचं माप विचारलं. नव्हतं. मग विचारलं, कुत्रा कुठला? आणि मी — ऐका — मी म्हणालो, अल्सेशियन. दुकानातल्या माणसापुढे. ज्याचं तोंड मी पुन्हा कधी बघणार नव्हतो, त्याच्यापुढे! त्यानं अल्सेशियनचा पट्टा दिला. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात लपवला.

रविवारी आप्पा दाढी करायला गेले होते. मी खंड्याचं जाकीट काढलं, चामड्याचा पट्टा घातला, बिल्ला त्याला अडकवला, शेवटच्या भोकापर्यंत आवळला. तरी आत माझी अख्खी मूठ जात होती. दोन बोटांची गोष्ट मला ठाऊक नव्हती का? ऐकली होती. कोळणीनं सांगितलेली म्हणून सोडून दिली.

रस्त्यावर साहेब भेटले. त्यांचा कुत्रा गुरगुरला. खंड्या मागं सरला. मी ओढलं — साहेबांसमोर कुत्रा घाबरलेला दिसू नये म्हणून ओढलं. आणि पट्टा त्याच्या डोक्यावरून अलगद निघून आला, सदरा निघतो तसा. खंड्या उलटा वळून धावला. ट्रक येत होता.

साहेब जवळ आले. माझ्या हातातल्या पट्ट्याकडे बघून म्हणाले, "फार मोठा होता हो हा. माप नव्हतं घेतलं?"

मी म्हणालो, "नवीन आहे, सर."

इथवरचं पुष्कळांच्या हातून होऊ शकतं. ते सांगायला मी बसलेलो नाही.

खंड्याला मी रस्त्याकडेला झाडाखाली ठेवलं. पट्टा नाल्यात टाकला. त्याआधी त्याचा बिल्ला काढून खिशात घ्यायला विसरलो नाही. घरी आलो, जाकीट घेतलं आणि दाढीच्या ब्लेडनं दोरी कापली. आधी गाठीशी कापत होतो, पण गाठ दगडासारखी, ब्लेड चालेना. म्हणून मधे कापली. बिल्ला परत तिथं अडकवला. मग ती दोरी हातात धरून जिन्यात बसलो, आप्पांची वाट बघत. चेहरा कसा ठेवायचा ते ठरवत.

दोरी तुटली, एवढंच मी सांगितलं. आप्पा खालच्या पायरीवर बसले. त्यांनी आपल्या मालवणीत विचारलं, "खंय तुटली?"

"मधेच," मी म्हणालो.

ते गोणपाट घेऊन गेले, खंड्याला घेऊन आले, चाळीमागं पुरलं. मला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी हिरूबाई आली. मी ऑफिसला गेलो नव्हतो. गॅलरीत बायका होत्या. मी सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं सांगितलं की तुझ्या दोरीनं आमचा कुत्रा घालवला. कुणी मला बोलायला लावलं नव्हतं. आप्पांना सांगून भागलं असतं. पण खोटं एकदा नीट जमलं की माणसाला ते चारचौघांत घालून मिरवावंसं वाटतं. मला वाटलं.

तिनं आधी एवढंच विचारलं, "लगेच गेला, का तलमलला?"

लगेच, मी म्हणालो. मग तिनं दोरी मागितली. एक-एक गाठ चाचपली. कापलेलं टोक उजेडात धरलं. "गाठी सगल्या जागच्या जागी हायत. दोरी तुटते ती गाठीशी. मधे तुटत नाय."

"कुठं का तुटेना गं," सावंतकाकू म्हणाल्या. "आमचं पोर झोपतंय तुझ्या झोळीत." आणि आत जाऊन त्यांनी झोळी सोडून आणली. वरूनही एक खाली आली. हिरूबाईच्या पाटीवर, मासळीच्या वर, दोन्ही झोळ्या पडल्या.

तेव्हाही बोलता आलं असतं. मी बोललोही. मी म्हणालो, "जाऊ दे काकू, गरीब बाई आहे."

हिरूबाईनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत तिला शंका असेल. त्यानंतर नसावी. तिनं दोरी कठड्यावर ठेवली, पाटी उचलली आणि गेली. आमच्या गल्लीत ती पुन्हा आली नाही.

आप्पा दारात उभे होते. त्यांनी कठड्यावरची दोरी उचलली. कापलेलं टोक अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून चोळलं — गिरणीत सुताचं टोक चोळत असतील तसं. तीस वर्षं तुटलेलं सूत हाताळलेला माणूस. त्याला तुटलेलं आणि कापलेलं कळत नसेल? मी कसं काय हे विसरलो होतो, कोण जाणे. ते आत गेले.

पुढच्या रविवारपासून आप्पा कापडी पिशवी घेऊन बसनं वेसाव्याला जायला लागले. मासळी आणायचे, स्वतः साफ करायचे, कालवण करायचे, मला वाढायचे. पहिल्याच रविवारी वाढता वाढता म्हणाले, "हिरूबायकडसून हाडलंय."

हिरूबाईकडून आणली होती. मी म्हणालो, "ताजी आहे." आणि आणखी एक तुकडी घेतली.

अकरा वर्षं मी ती मासळी जेवलो. माझं लग्न झालं, बायको आली, ती आप्पांच्या बाजाराचं कौतुक करायची. चाळीत आप्पा त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. ते सांगणं माझं होतं. त्यांनी ते माझ्यासाठी ठेवलं होतं, दर रविवारी ताटात वाढून. मी काटे तेवढे बाजूला काढत राहिलो.

तीन वर्षांपूर्वी आप्पा गेले. सावंतकाकू अजून आहेत. चाळीत कुणाकडे तान्हं आलं की बजावतात, कोळणीच्या दोरीवर पोर टाकू नका हो, यांचा कुत्रा गेलाय तसा. आणि माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो. गेल्या महिन्यातसुद्धा हलवली.

हिरूबाई आहे, असं ऐकतो. वेसाव्याची बस आमच्या नाक्यावर थांबते. ऑफिसला जाताना रोज माझ्यासमोरून जाते. पुष्कळदा रिकामीच असते.